कोचच्या घरी कोच

लोरेटा कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मुख्य कोच. ओहायोभर गाडी हाकून हाकून तिच्या कमरेची पार वाट लागली होती. कुठे चांगली खेळाडू दिसली, की तिला आपल्या संघात घ्यायला तिच्या घरी जायचं, केक खायचा आणि तिच्या आईला तेच सांगायचं, "अहो, काळजी सोडा. पोटच्या पोरीसारखी सांभाळीन." लोरेटा आपल्या घरी पोचेपर्यंत तिची स्वतःची लेक ब्रिन झोपलेली असायची.

आता ब्रिनही कॉलेजात जायच्या वयाची झाली होती, चांगली खेळत होती. आज तिला आपल्या संघात न्यायला दुसऱ्या कॉलेजची कोच लोरेटाच्याच सोफ्यावर बसली होती. केक संपवून तीही म्हणाली, "हिला अगदी पोटच्या पोरीसारखी सांभाळीन."

लोरेटाला दमलेलं हसू आलं. ब्रिन हसली नाही.



"मॅडम, तेवढं नको. बाकी कशीही सांभाळा."