पाचव्या खोक्यातला दगड

"पुन्हा चालवा," संचालक म्हणाले.

तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावरचे ठिपके हलले, एकमेकांकडे सरकले आणि त्यांचा एक घोळका झाला. एक ठिपका तेवढा लांब कोपऱ्यात जाऊन बसला. त्याच्यावर आकडा होता पाच. पहिल्या खेपेलाही पाचच होता.

संग्रहालयाच्या दालनात पुठ्ठ्याची मोठाली खोकी ओळीने उभी होती. प्रत्येक खोक्याखाली एक शिलालेख, आणि वर नुसता आकडा. कुठल्या आकड्याखाली काय झाकलंय, ते एकट्या संचालकांना ठाऊक होतं. लेखांचा मजकूर संगणकात त्यांनीच भरला होता, तोही तिला बाहेर बसवून. ही अट तिने आनंदाने मान्य केली होती, कारण त्यातला एक दगड तिच्या बाबांचा होता.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तरुणपणी नदीकाठी त्यांना हा दगड सापडला आणि मोठ्या हौसेने ते तो इथे घेऊन आले. त्यावरच्या विसरलेल्या भाषेतले तेव्हा चार-दोन तुकडे माहीत होते, आणि पूर्ण लेख एकच, राणीचा. राणीचा दगड म्हणजे संग्रहालयाची शान. तिकिटावर चित्र त्याचंच. तज्ज्ञांनी बाबांचा दगड राणीच्या दगडाशी ताडून पाहिला. भाषेची धाटणी काही जुळेना. त्यातून आणणारा माणूस अक्षरं काढण्यात पटाईत. मग काय, निकाल तयारच होता. दगड जिन्याखाली गेला आणि त्याच्या गळ्यात पाटी पडली: 'बनावट'. निकाल देणाऱ्यांत सगळ्यात तरुण होते आजचे संचालक.

तेव्हापासून बाबा गल्लीत 'दगडवाले' झाले. पाटी करून घ्यायला आलेली माणसंसुद्धा विचारायची, "किती हजार वर्षांपूर्वीची करून देता?" बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे. तिला मात्र कधी हसू आलं नाही. आणि खरं सांगायचं तर, मोठी झाल्यावर अधूनमधून तिच्याही मनात पाल चुकचुकायची. बाबांचा हात होताच तसा.

पुढे त्याच भाषेतले आणखी लेख जमिनीतून निघत गेले. बाबांचा दगड मात्र पुन्हा कुणी उजेडात आणला नाही. एकदा लागलेला निकाल पुन्हा कोण उकरणार? मग तीच जुन्या भाषांच्या मागे लागली, संगणक शिकली, आणि लेखांची बोलण्याची सवय ओळखणारा प्रोग्रॅम तिने लिहिला. कुठल्या शब्दामागून कुठला येतो, वाक्य कुठे थांबतं, देवाचं नाव आधी घेतात की दात्याचं. नक्कल करणाऱ्याला शब्द उचलता येतात, सवय उचलता येत नाही. दुसऱ्या भाषांवर प्रोग्रॅम खरा उतरला होता. या भाषेवर तो आज पहिल्यांदाच चालत होता, कारण संग्रहालय आपले लेख बाहेर कुणाला देत नसे.

आणि त्याने पाचावर बोट ठेवलं होतं.

जमलेल्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. 'लेकीनेच बापाला पकडून दिलं' असं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, पण पुरेसं हळू नाही. मागच्या खुर्चीत बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. तिला त्यांच्याकडे बघवेना.

संचालकांनी घाम पुसला. खोक्यांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "एकदा, शेवटचं," ते म्हणाले. आपली आणि बाबांची लाज राखायला हा माणूस एवढा धडपडतोय, हे पाहून तिला आणखीच कानकोंडं झालं.

"सर, कितीही वेळा चालवलं तरी पाचच येणार," ती म्हणाली. "हा प्रोग्रॅम कुणाचं तोंड बघून बोलत नाही."

मागे खुर्ची सरकली. बाबा उठून पुढे आले.

"साहेब, उचला ते खोकं. दगड मी कोरलेला नाही, हे मला माहीत आहे. आणि माझी लेक चुकीचं काम करत नाही, हेही मला माहीत आहे. आता ह्या दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या होतात, ते मलाही बघायचंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मदतनीस पुढे झाला तेव्हा संचालकांनी त्याला हातानेच थांबवलं आणि खोकं स्वतः उचललं. तिने डोळे मिटून घेतले.

मग पहिल्या रांगेतून एक बाई म्हणाली, "अगं बाई, हा तर तिकिटावरचा."

तिने डोळे उघडले. समोर राणीचा दगड उभा होता. ज्याच्याशी बाबांचा दगड ताडून पाहिला, त्यालाच कुणी कधी ताडून पाहिलं नव्हतं.

"तुमचा दगड आठव्या खोक्यात आहे," संचालक बाबांना म्हणाले.

तिने पडद्यावर आठ शोधला. तो घोळक्याच्या अगदी मधोमध होता, घरच्या माणसांत बसल्यासारखा. तिला हसू फुटलं, आणि बाबांचा रंगाने डागाळलेला हात तिने सगळ्यांसमोर घट्ट धरला. इतक्या वर्षांत एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

संचालकांनी बाबांपुढे हात जोडले. "दोन्ही दगडांना आता नव्या पाट्या लागतील. तुम्ही रंगवून द्याल?"

बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि राणीचा दगड वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"माझ्या दगडाची देतो की," ते म्हणाले. "राणीसाहेबांना नवी कशाला? जिन्याखाली आहे तीच आणून लावा."