न पोचलेलं पत्र

"कुणाच्या खात्यावर करून दाखवू?" संगणक कक्षातल्या मुलीनं विचारलं, आणि विभागप्रमुख सरांनी लगेच हात वर केला.

"माझं घे. जुन्या मेलनं सगळ्यात जास्त मलाच छळलंय."

वर्गात बसलेले सातही जण हसले. विद्यापीठाच्या जुन्या मेलला शिव्या घालण्यात सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गुण वेळेवर गेले नाहीत, तर मेल पोचली नाही. बैठकीला दांडी मारली, तर निरोप पोचला नाही. हळूहळू विभागात सगळ्यांच्याच तोंडी तेच वाक्य बसलं होतं. आपल्या आळसाचं खापर फोडायला इतकं सोयीचं डोकं दुसरीकडे कुठे मिळणार?

आजपासून नवी मेल. जुन्यातलं सगळं मुलीनं आधीच हिच्यात आणून ठेवलं होतं. आता फक्त ब्राउझर उघडायचा आणि वापरायची. तिनं लॅपटॉपला केबल जोडून प्रोजेक्टर लावला. तो बिचारा म्हातारा झाला होता. भिंतीवर आधी नुसता निळा चौकोन यायचा, चित्र उमटायला दोन-तीन मिनिटं तरी लागायची. तोवर सर पुढे येऊन तिच्या शेजारी बसले आणि पासवर्ड टाकला. ते टाकत असताना ती सवयीनं दुसरीकडे बघत राहिली.

"यात एका माणसाचा सगळा पत्रव्यवहार एकाखाली एक दिसतो," ती म्हणाली. "काही गहाळ होत नाही. हरवलं असं वाटतं, तेही सापडतं."

"मग तुझंच पत्र शोध की आधी," मागून ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "चार वर्षं ऐकतोय आम्ही, सरांनी लिहिलं आणि सिस्टीमनं गिळलं."

ती गोष्ट विभागात सगळ्यांना पाठ होती. ही मुलगी सरांचीच विद्यार्थिनी. शिष्यवृत्तीसाठी तिला तिघांची शिफारसपत्रं हवी होती. दोघांची पोचली, सरांचं पोचलं नाही, आणि शिष्यवृत्ती गेली. "अगं, मी तर कधीच पाठवलं," सर तेव्हा जिन्यात तिला म्हणाले होते. "पोचलं नाही? कमाल आहे." तिनं विश्वास ठेवला. अजूनही सर दिसले की ती खुर्चीवरून उठायची.

"मला शोधायचंच आहे, बाई," मुलगी म्हणाली. "सर, जुना डेटा आणताना माझ्या मनात पहिलं तेच आलं. निदान तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलं होतं, ते तरी वाचायला मिळेल."

"राहू दे गं. जुनं कशाला उकरायचं आता," सर म्हणाले. पण तोवर तिनं स्वतःचं नाव टाइप केलंसुद्धा होतं.

लॅपटॉपवर नऊ मेल आल्या, एकाखाली एक. सर, एक विनंती आहे. सर, आठवण करून देते. सर, शुक्रवार शेवटचा दिवस. सर, आज पाचपर्यंत पाठवलं तरी चालेल. नऊच्या नऊ उघडून वाचलेल्या. सरांकडून गेलेलं मात्र एकही अक्षर नव्हतं. सगळ्यात खाली लाल अक्षरात 'ड्राफ्ट' एवढं दिसत होतं. तिनं तो उघडला.

"ही माझी विद्यार्थिनी अत्यंत"

पुढे काही नव्हतं.

सरांना तो दिवस लख्ख आठवला. 'अत्यंत'च्या पुढे काय घालावं, असा विचार करत होते तेवढ्यात चहा आला, चहाबरोबर कुणीतरी गप्पिष्ट आलं, आणि मग उद्या बघू म्हणून राहिलं ते राहिलंच. दहा मिनिटांचं काम होतं. तिच्याबद्दल लिहिण्यासारखंही पुष्कळ होतं.

भिंतीवरचा निळा चौकोन थरथरला. चित्र यायच्या आधी तो नेहमी असाच थरथरायचा. सात माणसं भिंतीकडे बघत होती, आणि पितळ उघडं पडायला आता क्षणभराचाच अवकाश होता. सरांनी डोळे मिटून घेतले.

मुलीनं केबल उपसली.

"नाही सापडलं," ती सगळ्यांना म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "जुन्या सिस्टीमनं गिळलं ते गिळलंच."

"बघा, मी म्हणत नव्हते?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "बिचाऱ्या सरांवर उगाच आळ."

सरांनी मान डोलावली. आपण मान डोलावतोय हे लक्षात आलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनं केबल परत जोडली आणि बाकीचं सगळं स्वतःच्या खात्यावर करून दाखवलं. फाइल कशी जोडायची, सुट्टीचा निरोप कसा लावायचा. सरांना त्यातलं एक अक्षर समजलं नाही. अर्ध्या तासानं मंडळी उठली आणि व्हरांड्यात चहाला गेली. दार उघडंच राहिलं. बाहेरचं हसणं आत ऐकू येत होतं.

सर रेंगाळले. मुलगी प्रोजेक्टरची केबल गुंडाळत होती. आज सर शेजारी येऊन उभे राहिले तरी ती खुर्चीवरून उठली नाही. त्यांनी मनात दोन-चार वाक्यं जुळवली आणि मोडली. शेवटी एक नजर दाराकडे ठेवून, तोंडातल्या तोंडात म्हणाले, "चुकलं माझं."

तिनं केबलचा शेवटचा वेढा घातला, टोक नीट आत खोचलं आणि वर न बघता म्हणाली,

"पोचलं नाही, सर."