पाच कोडेकरी

"त्यांना कळवलं का?" तेजस्विनीने पुन्हा विचारलं.

विनायकरावांनी टॅबवरची नजर काढली नाही. "त्यांना माहीत आहे," ते म्हणाले.

हातातलं ताट तिने जरा जोरातच टेबलावर ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या लीलाबेन रोज खिचडी-कढी आणून देत होत्या. आईच्या भजनी मंडळातल्या बायका बमरोलीहून रिक्षा करून येऊन गेल्या. बाबांनी ज्याला एकदा पलसाण्याच्या मिलमधून काढून टाकलं होतं, तो महेशसुद्धा दाराशी बसून रडून गेला. आणि ज्यांच्याशी बाबा गेली सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ बोलत होते, त्या पाच जणांना आई गेल्याचं माहीत होतं, तरी त्यांच्याकडून एक शब्द नव्हता.

गूढ शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा तो ऑनलाइन गट. निवृत्तीनंतर दरडावायला मिलमधली माणसं उरली नाहीत, तेव्हा बाबा घरच्यांवर घसरू लागले. मग आईनेच कुणाकडून तरी या गटाची लिंक आणून दिली. स्वतः मात्र ती त्या वाटेला गेली नाही. लग्नाआधी धुळ्याला शाळेत मराठी शिकवायची, पण कोड्याचा विषय निघाला की म्हणायची, मला बाई त्यातलं काही कळत नाही. आणि ओट्याशी उभी राहून मोबाइलवर कसल्याशा पाककृती बघत बसायची.

गटात रोज एक जण कोडं रचायचा, बाकीचे सोडवायचे. फोटो लावायचा नाही, फोन नंबर मागायचा नाही. आणि शेवटच्या माणसाने 'भरलं' असं लिहिल्याशिवाय कुणी उत्तरं उघडायची नाहीत. शेवटचे बहुधा बाबाच असायचे. बाकीचे थांबायचे, एवढं तरी त्यांचं मान्य करायला हवं होतं.

शुक्रवारचं कोडं बाबांनी काल पुरं केलं. खाली 'भरलं' असं लिहिलं. उत्तरं उघडायला कुणी आलं नाही.

"जेवून घ्या, बाबा."

"नको."

"वाट बघताय त्यांची?"

"सवय आहे गं."

"येतील?"

"नाही येणार."

शनिवारपासून त्यांचं बोलणं एवढंच होतं. डोळ्यांत पाणी नाही, पोटात चहा-दुधापलीकडे काही नाही. त्यांना ती वडोदऱ्याला आपल्या घरी घेऊन जायचं म्हणत होती आणि ते खुर्चीतून उठायला तयार नव्हते. त्या पाचांतल्या एकाने जरी 'विनायकराव, दोन घास खा' असं लिहिलं असतं, तरी त्यांनी खाल्लं असतं. ऐकायचे ते त्यांचंच. आई वर्षानुवर्षं सांगून थकली, पण बीपीची गोळी सुरू झाली ती गटातल्या कुणा माईंनी दटावल्यावर.

तिने त्यांच्या हातातून टॅब घेतला. त्यांनी घेऊ दिला.

ती मागचं वाचत गेली, तसतसं तिचं डोकं तापत गेलं. किती हसत-खिदळत होती ही माणसं. बाबांच्या वाढदिवसाला भटूने खास कोडं रचलं होतं. चिंधा नावाचा एक तर सगळ्यांत आगाऊ. बाबा जरा चढ्या आवाजात लिहू लागले की हा लिहायचा, 'विनायकराव, मिल सुटली, आता भोंगा बंद करा.' त्याचं एक शोधसूत्र होतं: 'नऊ आणि अर्धा राम मिळून घरात हुकूम सोडतो, तीन अक्षरं.' उत्तर 'नवरा'. त्यावर बाबा दोन दिवस रुसले होते. तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं, 'पटलं.'

बाबांनी आयुष्यात कुणाला 'पटलं' म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. आईला तर नाहीच. आई त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोललीसुद्धा नाही. आणि हा चिंधा, ज्याला बाबांनी एवढा मान दिला, तो शुक्रवार संध्याकाळपासून गप्प. सगळेच गप्प. तोंडावर दार लावून घ्यावं तसे.

तिने लिहायला घेतलं. मी विनायकरावांची मुलगी. माझी आई गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणे. कोड्यातल्या अक्षरांसाठी तासन् तास थांबता, आणि माणूस गेल्यावर चार अक्षरं लिहायला तुमचे हात झडले? माझे वडील उपाशी बसलेत तुमच्यासाठी. शरम असेल तर एकाने तरी उत्तर द्या.

तिने निरोप पाठवला. आत स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला आईचा फोन टिंग-टिंग वाजला. नातेवाइकांचे निरोप अजून त्यावरच येत होते. बाबांनी मान वर करून आतल्या दाराकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

टॅबवर काही आलं नाही. तिने दुसरं लिहिलं, आणखी तिखट. आत फोन पुन्हा वाजला, बाहेर काहीच नाही.

"बास झालं," ती म्हणाली. तिने सांगून टाकलं की आज ती त्यांचं नाव या गटातून काढणार, आणि त्या चिंधाला शोधून, असेल त्या गावी जाऊन, दारात उभं करून विचारणार. "सहा वर्षं, बाबा. पाच माणसं. पाचांतल्या एकालाही तुमच्यासाठी यावंसं वाटू नये?"

विनायकरावांनी टॅब तिच्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला.

"त्यांच्यावर रागावू नकोस, तेजू," ते म्हणाले. "शनिवारी पाचही जणांना आपण एकाच तिरडीवरून नेलं."