वस्तरा आणि कात्री

“थोरला आज पाय मागे ठेवून वाजवतोय,” सलूनवाला म्हणाला. “ऐका नीट.”

मिस्त्री ऐकतच होते. या हॉलमधले दोन्ही विजेचे ऑर्गन तीस वर्षं तेच दुरुस्त करत आले होते. व्यासपीठावर दोघे भाऊ समोरासमोर बसले होते. थोरला अठ्ठ्याहत्तरचा, धाकटा चौऱ्याहत्तरचा. थोरल्याला चहाचा कप दोन हातांनी धरावा लागे आणि धाकट्याला कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागे. पण जॅझ सुरू झालं की दोघांची तक्रार नसे, ऐकणाऱ्यांचीही नसे.

आज शेवटचा कार्यक्रम होता. सोमवारी हॉल पाडायला घेणार होते. जागेवर गाड्या उभ्या राहणार होत्या. दोघा म्हाताऱ्यांची शोभा न होता दुपार पार पडावी, एवढंच मिस्त्रींचं मागणं होतं. लोक शेवटचं तेवढं लक्षात ठेवतात.

लोक म्हणजे सतरा जण. त्यातले तिघे झोपलेले.

“डाव्या पायाने तो सूर उशिरा टाकतो,” सलूनवाला सांगत होता. “अंधारात जिना उतरल्यासारखा. पायरी आहे की नाही, आधी चाचपून बघायची आणि मग भार द्यायचा. याला म्हणतात वस्तरा. कातडीला लागतो, पण कळत नाही.”

“आणि धाकटा?”

“कात्री. कामापेक्षा आवाज जास्त. केस असो-नसो, कचकच चालूच. उजव्या हाताने बघा कसा उधळतोय.”

“उधळू द्या. शेवटचं आहे.”

“मी कुठे अडवतोय? मला कात्रीही आवडते. पोट तिच्यावरच चाललं.”

सलूनवाला दरवर्षी याच जागेवर बसायचा. पाचवी रांग, भिंतीकडची खुर्ची. बायको गेल्यापासून शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवायचा. हॉल रिकामा असला तरी ठेवायचा. मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला होता, “डोक्यावर केस आहेत तोवर टोपीला बसू द्या.”

पहिलं गाणं संपलं. सतरा माणसांच्या मानाने टाळ्या बऱ्या पडल्या.

मग दुसऱ्या गाण्याआधीची शांतता. कुणी बाई खोकली. दोनदा, तोंडावर पदर धरल्यासारखी दबून. मिस्त्रींनी मान वळवली नाही. सलूनवाल्यानेही नाही. तो डोळे मिटून बसला होता.

“आता बघा,” डोळे न उघडता तो जरा वेळाने म्हणाला, “थोरला इथे रेंगाळणार.”

थोरला रेंगाळला.

“तिथेच. केसाचाही फरक नाही.”

“मुरलेला हात आहे,” मिस्त्री म्हणाले आणि व्यासपीठाकडे बघत राहिले. पूर्वी ऑर्गनच्या स्पीकरच्या पेटीतला फिरता भोंगा गरगरला की त्याच्या वाऱ्याने शेजारचा पडदा हलायचा. आज पडदा अंग चोरून उभा होता.

साडेपाचला सगळं आटोपलं. कुणी चुकलं नाही, कुणी हसलं नाही. झोपलेले तिघेही टाळ्यांच्या वेळी उठले. मिस्त्री व्यासपीठामागच्या हत्यारांच्या खोलीत गेले आणि कुलूप उघडून स्टुलावर बसले.

आधी थोरला आला. दार लोटून घेतलं.

“मिस्त्री, माझ्या बाजूची टेप छान चालली. धाकट्याला पत्ता नाही ना?”

“नाही.”

“बिचारा पाच वर्षं एकटाच खरं वाजवतोय. त्याला कळलं तर माझ्याशी बोलणार नाही. ती टेप ठेवू नका. मला वचन द्या.”

मिस्त्रींनी वचन दिलं. थोरला गेला, आणि घटकाभराने धाकटा आला. कुजबुज म्हणून तो जे बोलला, ते फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेलं असावं.

“माझ्या बाजूची टेप झकास चालली. दादाला काही कळलं नाही ना? थरथरत्या हातांनी तो खरं वाजवतो, आणि मी नुसती बोटं हलवतो. ती नष्ट करा, मिस्त्री. तो मला कधी माफ नाही करायचा.”

मिस्त्रींनी मान हलवली. धाकट्याला ते पुरलं.

टेप एकच होती. नऊ वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, याच भावांची भरलेली. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. दोन्ही ऑर्गनच्या स्पीकरला जाणाऱ्या तारा मिस्त्रींनी पाच वर्षांपूर्वीच सोडून ठेवल्या होत्या. आधी एकाच्या शब्दाखातर, महिन्याभराने दुसऱ्याच्या.

खिडकीतून त्यांना फाटक दिसत होतं. धाकट्याने थोरल्याचा दंड धरला होता आणि थोरला त्याच्या कानात ओरडून काहीतरी सांगत होता. दोघेही हसत होते.

मिस्त्रींनी यंत्रातून टेपची चकती काढली. सलूनवाल्यानेच कधीतरी दिलेली जुनी कात्री खणात होती. तिला धार अजून होती. त्यांनी टेप वीत-वीत कापली, गुंता केला, पुन्हा कापली. बोटभर तुकडेसुद्धा उरू दिले नाहीत. मग तुकड्यांचा डबा पेटत्या शेगडीत उपडा केला आणि धूर विरेपर्यंत थांबले. तीस वर्षांत एवढं चोख काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

दारावर टकटक झाली. टोपी हातात धरून सलूनवाला उभा होता.

“मिस्त्री, बोलणार नव्हतो. तुमचं गुपित तुमच्यापाशी. पण आता हॉलच राहणार नाही, तर ती टेप मला द्या. दुसऱ्या गाण्याआधी आमची ही दोनदा खोकते ना, तेवढाच तिचा आवाज उरलाय.”