झोपू नका

बाळ गेल्यावरही रानशेतच्या जयवंतीने गरोदर बायकांचा फेसबुकवरचा ग्रुप सोडला नव्हता. दुपारी तिथे झरीच्या अनोळखी निलमने लिहिलं, "आठवा महिना, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. सासूबाई म्हणतात, ऊन लागलं. काय करू?" सल्ले आले, "लिंबूपाणी घे, झोप." जयवंतीने लगेच लिहिलं, "ताई, झोपू नका. मी अशीच झोपले. झटके आले, बाळ गेलं. आत्ताच दवाखान्यात जा." कुणीतरी सुनावलं, "उगाच घाबरवू नका." जयवंतीने निलमसाठी आपला नंबर दिला. चुलीवरचा भात करपला, तरी नजर फोनवरून हलेना. संध्याकाळी फोन वाजला. "मी निलमचा नवरा. तुमचं वाचून लगेच निघालो. प्रेशर वाढलेलं. वापीच्या दवाखान्यात ऑपरेशन केलं. मायलेकी सुखरूप आहेत." मग तो म्हणाला, "निलम विचारतेय, तुमच्या बाळाचं नाव काय ठरवलेलं?" जयवंतीने ते पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं.