डोरोथीकडे

"आई, इथे न कळवता कुणाच्या दारात जात नाहीत," लेक गाडीतून उतरताना पुटपुटली.

"मैत्रिणीकडे जायला कसलं कळवायचं?" म्हणत मी बेल दाबली.

मिरजेला डोरोथी आणि मी एकाच वॉर्डात नर्स होतो. इंग्लंडमधल्या आपल्या खेड्यात ती परतली, त्याला चाळीस वर्षं झाली.

दार उघडून ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग वळून आत गेली.

"चल, त्यांनी ओळखलं नाही तुला."

मी हलले नाही.

ती स्टीलचा डबा घेऊन आली. त्यावर माझं नाव कोरलेलं. तिला निरोप देताना मीच त्यात चिवडा भरला होता. आता तळाशी मूठभर साखर होती.

"रिकामा डबा द्यायचा नसतोय," ती मिरजेच्या मराठीत म्हणाली.

मी लेकीकडे वळले. "गाडीतली माझी कपड्यांची बॅग आण."