ऑर्केस्ट्रा थांबतो तिथे

दुबईत, अल क्वोजच्या एका गोदामात, जुन्या सामानात मला तो फुंकून वाजवायचा पितळी हॉर्न मिळाला. एकही कळ नसलेला, दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या राजदरबारांत वाजवायचे तसा.

शुक्रवारी हॉटेलात आमचा कार्यक्रम होता. त्या काळच्या कॉन्चेर्तोत, म्हणजे एका वादकाने ऑर्केस्ट्रासोबत वाजवायच्या रचनेत, शेवटाकडे सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि हॉर्नवाल्याने एकट्याने आपल्या मनाचं वाजवायचं असतं. दरबारातले वादक म्हणे ते लिहूनसुद्धा ठेवत नसत. मला मात्र काही केल्या सुचत नव्हतं.

दुपारी ऑर्केस्ट्राची सीडी लावून मी त्या जागेपर्यंत वाजवत आलो. ऑर्केस्ट्रा थांबला. मी वैतागून हॉर्न मांडीवर ठेवला.

"वा रे, रॉयडन!" किचनमधून माझी बायको ॲग्नेस ओरडली. "आज जमलं की तुला!"

"मी वाजवतच नाहीये."

"चल! मग हे कोण वाजवतंय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण हॉर्नमधून माझ्या पायावर पाणी टपकलं. वाजवताना श्वासाचं पाणी नळीत साठतं, आणि ते तर मी आत्ताच झटकून टाकलं होतं.

मी घाबरायला हवं होतं. मला फक्त ते ऐकायचं होतं.

"जरा गुणगुणून दाखव ना," मी म्हणालो.

ॲग्नेस पिठाच्या हातांनीच दारात आली आणि ऐकत ऐकत गुणगुणू लागली. असं मला जन्मात सुचलं नसतं. मध्येच ती थांबली. तेवढ्यात वाजवून बघावं म्हणून मी हॉर्न उचलला.

"अरे, थांब, ओठ नको लावूस," ती हळूच म्हणाली. "तो फक्त श्वास घेतोय."